टेक शो टीव्हीवरून ऑनलाइन नेताना: आधी मालकी, मग आवाज, कॅमेरा त्यानंतर

सॅन फ्रान्सिस्कोची टेकटीव्ही ही वाहिनी २००४ साली कॉमकास्ट या केबल कंपनीच्या जी४ वाहिनीत विलीन झाली, काम लॉस एंजेलिसला गेलं आणि मार्च २००५मध्ये तिथला ‘द स्क्रीन सेव्हर्स’ हा रोजचा लाइव्ह कार्यक्रम बंद पडला. पण तिथल्या लोकांनी त्याच वर्षी ऑनलाइन बस्तान बसवलं. लिओ लापोर्टने एप्रिल २००५मध्ये ‘धिस वीक इन टेक’ (‘ट्विट’) हा पॉडकास्ट सुरू केला, केविन रोझने त्या जुलैत अ‍ॅलेक्स अल्ब्रेक्टसोबत ‘डिग्नेशन’ आणि पॅट्रिक नॉर्टन व रॉबर्ट हेरन यांनी झिफ डेव्हिस या प्रकाशन कंपनीकडे ‘डीएल.टीव्ही’. आज कुणी सूत्रसंचालक टीव्ही सोडून ऑनलाइन येत असेल, तर त्याला लागणारे बहुतेक धडे या माणसांच्या वाटचालीत सापडतात.

नाव आणि फीड

वाहिनी सोडताना कार्यक्रमाचं नाव, शीर्षक-संगीत आणि जुने भाग सहसा वाहिनीकडेच राहतात. लापोर्ट आणि मंडळींनी सुरुवातीला ‘रिव्हेंज ऑफ द स्क्रीन सेव्हर्स’ असं नाव घेतलं होतं. जुन्या नावाच्या मालकांनी हरकत घेतली आणि ते बदलावं लागलं. नॉर्टनची गोष्ट अधिक बोलकी आहे. ‘डीएल.टीव्ही’ झिफ डेव्हिसचं होतं, त्यानंतरचं ‘टेकझिला’ रिव्हिजन३ या ऑनलाइन व्हिडिओ कंपनीचं. प्रत्येक वेळी बाहेर पडताना नवं नाव घेऊन प्रेक्षक पुन्हा गोळा करायचे, असं चाललं. २०१५मध्ये शॅनन मोर्ससोबत सुरू केलेला ‘टेकथिंग’ हा कार्यक्रम मात्र प्रेक्षकांच्याच वर्गणीवर उभा राहिला.

म्हणून पहिल्या भागाच्या आधी चार गोष्टी स्वतःच्या नावावर करा: कार्यक्रमाचं नाव (ट्रेडमार्कचा अर्ज, निदान शोध तरी), डोमेन, फीडचा पत्ता (जिथून श्रोत्यांची अ‍ॅप नवे भाग उचलतात) आणि ईमेल यादी. करारात स्पर्धक माध्यमात काम न करण्याचं कलम असेल तर त्याची मुदत वकिलाकडून वाचून घ्या. ती संपेपर्यंत यादी जमवता येते का, हेही त्यालाच विचारा.

फीड स्वतःच्या डोमेनवर ठेवा, होस्टिंग कंपनीच्या नव्हे. कंपनी बदलायची वेळ आली तर जुन्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं नव्या पत्त्याकडे वळवणं) लावा आणि किमान चार आठवडे तसंच राहू द्या. स्थलांतरात भागांचे जीयूआयडी (प्रत्येक भागाचा ओळख-क्रमांक) बदलू देऊ नका. ते बदलले की श्रोत्यांच्या अ‍ॅपला सगळे जुने भाग नवे वाटतात, शेकडो फायली पुन्हा उतरतात आणि वैतागलेले लोक सदस्यता काढून टाकतात. मुखचित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. पण तपासायचं ते मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून.

आवाज: सर्वाधिक चुका इथे होतात

स्टुडिओत कॉलर माइक (शर्टाला अडकवायचा छोटा माइक) छान वाजतो, कारण तिथल्या भिंती आवाज शोषून घेतात. तोच माइक घरच्या खोलीत लावला तर टाइल्स, काच आणि रिकाम्या भिंतींवरून परत आलेला आवाजही तो टिपतो. डायनॅमिक माइक (लांबचा आवाज कमी टिपणारा) घ्या आणि तोंडापासून चार-पाच बोटांवर, किंचित तिरका ठेवा. प-फ-भचे फटकारे तिरक्या कोनाने कमी होतात. डायनॅमिक माइकला गेन (आवाजाची वाढ) भरपूर लागतो, काहींना ६० डेसिबलच्या आसपास. इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) तेवढा देत नसेल तर मागे ‘स्स्स’ असा आवाज ऐकू येतो. खोलीत जाड पडदे, पुस्तकांचं कपाट, भिंतीवर दोन गोधड्या, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. बोलण्याची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. एका माइकची तासाभराची अशी फाइल साधारण ५१८ एमबी होते. त्यामुळे चार जणांच्या चर्चेला डिस्कवर आधीच जागा करा.

पाहुणा लांब असेल तर कॉलवर ऐकू येणारा आवाज हा फक्त राखीव समजा. खरं मुद्रण प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर करायचं आणि फाइल पाठवायची. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, तासाभरात ओठ आणि आवाज वेगळे पडू शकतात. सुरुवातीला आणि शेवटी सगळ्यांनी एक-एक टाळी वाजवली की संपादकाला घसरण मोजून ताणता येते.

आता मिक्स-मायनस. ‘द स्क्रीन सेव्हर्स’चा जीव प्रेक्षकांच्या फोनमध्ये होता, नेटकॅमवरून चेहऱ्यासकट कॉल घेण्याची सोयही त्यांनी केली होती. टीव्हीवर ध्वनितंत्रज्ञ फोन करणाऱ्याला, म्हणजे कॉलरला, एक वेगळा प्रवाह पाठवत असे: सगळं, पण त्याचा स्वतःचा आवाज वजा करून. घरी हे तुम्हालाच करायचं आहे. छोट्या मिक्सरवर कॉल एका चॅनेलवर घ्या, ऑक्स सेंडमधून (मिक्सरची वेगळी बाहेर जाणारी वाट) परत पाठवा आणि त्याच चॅनेलची ऑक्सची कळ शून्यावर ठेवा. बाकी सगळ्यांची उघडी. ही एक कळ विसरली तर कॉलरला आपलेच शब्द थोड्या विलंबाने ऐकू येतात आणि तो दोन वाक्यांत अडखळायला लागतो. दोन कॉलर असतील तर दोन स्वतंत्र प्रवाह हवेत. ब्लूटूथ हेडफोन टाळा. त्यांच्या विलंबामुळे लोक एकमेकांवर बोलतात.

आवाजाच्या पातळीचं गणितही बदलतं. अमेरिकी टीव्हीचं सरासरी प्रमाण उणे २४ एलकेएफएस, युरोपचं उणे २३ एलयूएफएस (सरासरी मोठेपणा मोजण्याच्या एकाच मापाची ही दोन नावं). पॉडकास्टला उणे १६ चालतं. वाहिनीच्या सवयीने काढलेली फाइल तशीच टाकली तर ती आधीच्या-नंतरच्या कार्यक्रमांपेक्षा आठेक डेसिबल बारीक वाजते. नुसता आठ डेसिबल आवाज वाढवायचाही नाही, शिखरं फुटतात. आधी सौम्य कम्प्रेशन (मोठा-बारीक आवाज जवळ आणणं), मग लिमिटर (ठरलेल्या मर्यादेवर आवाज रोखणारा), आणि ट्रू पीक, म्हणजे खरं शिखर, उणे १ डेसिबलवर थांबवा. केवळ बोलण्याच्या कार्यक्रमाला ६४ केबीपीएस मोनो एमपी३ पुरतो, तासाला सुमारे २९ एमबी. खेड्यातला किंवा प्रवासातला श्रोता याने टिकतो.

कॅमेरा

भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. अमेरिकेत ३० आणि १/६०. उलटापालट केली तर स्वस्त एलईडी दिवे पडद्यावर पट्ट्या मारतात. कॅमेऱ्याचं चित्र संगणकात आणणाऱ्या कॅप्चर कार्डातून ते आवाजापेक्षा मागे येतं. टाळी मुद्रित करून फरक मोजा आणि तेवढा विलंब आवाजाला द्या. ही मोजणी एकदाच करायची आहे, पण कॅमेरा किंवा कार्ड बदललं की नव्याने.

मांडणी

अमेरिकी टीव्हीच्या अर्ध्या तासात जाहिराती वजा जाता २२ मिनिटांच्या आसपास मजकूर उरतो आणि तो ब्रेकच्या आधी उत्सुकता ताणून ठेवतो. ऑनलाइन ब्रेक नाही. ‘ते पाहूच थोड्या वेळात’ म्हटलं की माणूस पट्टी पुढे सरकवतो. शीर्षक-दृश्य काढा, पहिल्या वाक्यात प्रश्न सांगा, उत्तर मिळताच पुढे जा आणि भागाला चॅप्टर (थेट त्या मुद्द्यावर जाण्याच्या खुणा) लावा. टेलिप्रॉम्प्टरऐवजी एका पानावर मुद्दे आणि अचूक आकडे ठेवा: मॉडेल क्रमांक, किंमत, तारीख. आकडे तोंडपाठ सांगायच्या नादात सर्वांत जास्त चुका होतात आणि टेक प्रेक्षक त्या लगेच पकडतो.

एक सवय मात्र टीव्हीचीच ठेवा: प्रात्यक्षिकाची तालीम. जे लाइव्ह करायचं ते आधी एकदा मुद्रित करून बाजूला ठेवा. अपडेट मध्येच सुरू झाला, वायफाय गेलं, तर ते मुद्रण दाखवा आणि ते आधीचं आहे हे सांगा.

आणि निर्माता सोबत आणा. रिव्हिजन३ उभं करणाऱ्यांत डेव्हिड प्रेगर होता. रॉजर चँग पुढे टॉम मेरिट या सूत्रसंचालकाच्या ‘डेली टेक न्यूज शो’ या पॉडकास्टचा निर्माता झाला. दोघेही ‘द स्क्रीन सेव्हर्स’च्या निर्मितीतले. पाहुणे ठरवणं, वेळ राखणं, चूक कानात सांगणं हे बोलणाऱ्यानेच करायचं म्हटलं तर बोलणं बिघडतं. एकाच माणसाचा पगार परवडत असेल तर संपादकाआधी निर्मात्याला घ्या.

पैसा

जाहिरात सूत्रसंचालकाने स्वतःच्या आवाजात वाचायची पद्धत या कार्यक्रमांत रुळली, कारण ऐकणाऱ्याचा विश्वास त्या आवाजावर असतो. त्याच कारणाने ती मजकुरापासून स्पष्ट वेगळी हवी. भारतात एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे किंवा फुकट मिळालेली वस्तू, दोन्ही जाहीर करायचं असतं. परीक्षणासाठी आलेला फोन परत जाणार असेल तर तेही सांगा. ज्या कंपनीच्या वस्तूचं परीक्षण या महिन्यात आहे, तिची जाहिरात त्या महिन्यात नको.

दुसरी वाट वर्गणीची. मेरिटने जानेवारी २०१४मध्ये हाच ‘डेली टेक न्यूज शो’ पेट्रिऑन या वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरच्या श्रोत्यांच्या पाठबळावर उभा केला. लापोर्टनेही २०२१मध्ये ‘क्लब ट्विट’ ही वर्गणी योजना सुरू केली. मुख्य भाग सर्वांना खुला ठेवा, वर्गणीदारांना जाहिरातींशिवाय फीड द्या. प्रत्येक वर्गणीदाराला फीडचा वेगळा पत्ता मिळाला पाहिजे. सगळ्यांना एकच दिला आणि तो बाहेर फुटला, तर बंद करताना पैसे भरणारे सगळेच अडकतात. पत्ते वेगळे असतील तर फुटलेला तेवढा रद्द करून त्या माणसाला नवा पाठवता येतो.