नवे इंजिन घेऊन पहिल्या चाचणीला निघताना

नव्या इंजिनासह हंगामपूर्व चाचणीला निघणाऱ्या संघाने तयारीच्या यादीत सर्वांत वर फेऱ्यांचे उद्दिष्ट लिहावे आणि फेरीला लागणाऱ्या वेळेचा रकाना कोरा ठेवावा. 2014 साली फॉर्म्युला वनमध्ये 2.4 लिटरच्या व्ही-8 इंजिनांची जागा 1.6 लिटरच्या टर्बो व्ही-6 इंजिनांनी आणि त्यांच्या जोडीच्या दोन मोटर-जनरेटरांनी, म्हणजे वीज तयार करणाऱ्या आणि तीच वापरून इंजिनाला विद्युत साहाय्य देणाऱ्या यंत्रांनी, घेतली. त्या जानेवारीच्या अखेरीस स्पेनमधील हेरेझ येथे झालेल्या चार दिवसांच्या चाचणीत मर्सिडीज संघाने 309 फेऱ्या पूर्ण केल्या, तर सलग चार वर्षे विजेतेपद राखणाऱ्या रेड बुलला रेनॉच्या इंजिनावर अवघ्या 21 फेऱ्या मारता आल्या. तेथील एक फेरी सुमारे 4.4 किलोमीटरची आहे, म्हणजे चार दिवसांत शंभर किलोमीटरही झाले नाहीत, आणि शर्यत मात्र तीनशेहून अधिक किलोमीटरची असते. पुढची यादी मुख्यतः त्या आठवड्यावरून आणि नंतर 2015 व 2017 मध्ये इंजिन पुरवणाऱ्या होंडाच्या वाट्याला आलेल्या बिघाडांवरून केली आहे. पुढच्यास ठेच लागली असताना मागच्याने शहाणे न होण्याचे कारण नाही.

गाडी ट्रकमध्ये चढवण्यापूर्वी डायनोवरच्या, म्हणजे इंजिन गाडीबाहेर चाचणीकक्षात चालवून पाहण्याच्या यंत्रावरच्या, नोंदी पुन्हा एकदा वाचाव्यात, आणि या वेळी त्यांत काय आहे यापेक्षा काय नाही ते शोधावे. हेरेझनंतर रेनॉने उघडपणे मान्य केले होते, की डायनोवर बऱ्यापैकी सुरळीत चाललेली रचना ट्रॅकवर टिकली नाही, कारण डायनो आणि प्रत्यक्ष गाडी यांतला फरक त्यांच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. माझ्या मते हंगामपूर्व चाचणीतल्या निम्म्याहून अधिक रडगाण्यांचे मूळ याच एका वाक्यात आहे. म्हणून प्रत्येक भागापुढे एक प्रश्न लिहावा: डायनोवर चाललेला भाग गाडीत बसणारा हाच होता, की चाचणीकक्षातला कायमचा, ऐसपैस आणि सोयीचा पर्याय होता? रेडिएटर, एक्झॉस्टचे पाइप, वायरिंग, गिअरबॉक्स आणि विशेषतः तेलाची टाकी यांच्यापुढे या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे लिहिले, तर कुठे पाणी मुरणार आहे याचा बराचसा अंदाज घरीच येतो.

तेलाच्या टाकीवर थोडे थांबणे भाग आहे. 2017 च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या चाचणीत पहिल्याच दिवशी होंडाचे इंजिन वापरणाऱ्या मॅक्लारेन संघाची गाडी तेलाच्या बिघाडाने बराच काळ गॅरेजमध्ये बसून राहिली, आणि दोष टाकीच्या रचनेकडे निघाला. डायनोवर इंजिन जागच्या जागी घट्ट बसवलेले असते. गाडी मात्र वळणावर तेलाला एका बाजूला, ब्रेक लावताना पुढे आणि वेग घेताना मागे ढकलत असते. अरुंद जागेत बसवण्यासाठी टाकीला वेडावाकडा आकार दिला, की ऐन वळणात तेल शोषणाऱ्या नळीचे तोंड उघडे पडण्याचा आणि पंपात हवा शिरण्याचा धोका वाढतो. शक्य असल्यास टाकी कलत्या आणि हलत्या चौकटीवर तपासावी. तेवढी सोय नसेल, तर पहिल्या फेऱ्यांत वळणावळणाला तेलाचा दाब पाहण्यासाठी एक माणूस वेगळा नेमावा आणि त्याला दुसरे काम देऊ नये. त्याच चाचण्यांत होंडाला कंपनांनीही छळले, कारण डायनोची जड आणि ताठ यंत्रणा जी थरथर गिळून टाकत होती, ती गिअरबॉक्सपासून टायरपर्यंतच्या हलक्या साखळीत मोकळी सुटली. तेव्हा निदान गाडीचा खरा गिअरबॉक्स जोडून काही तास तरी इंजिन चालवलेले असावे, आणि ते झाले नसेल तर तशी स्पष्ट नोंद यादीत असावी.

उष्णतेची तयारी कागदावरच्या आकड्यांवर सोडू नये. वायुगतिकीचा विभाग गाडीचा मागचा भाग शक्य तितका आवळू पाहतो आणि इंजिनाचा विभाग हवेसाठी जागा मागतो. हे भांडण चाचणीला निघण्यापूर्वी मिटलेले असावे, नाहीतर ते धुराच्या रूपाने सर्वांसमोर मिटते. 2014 च्या रेड बुलचे बाह्य आवरण फारच आवळलेले होते आणि आतली उष्णता बाहेर पडेना, तेव्हा त्या आवरणाला ऐन चाचणीत झरोके पाडावे लागले. आपल्या संघाने असे मोठ्या झरोक्यांचे, दिसायला बेढब आवरण आधीच तयार करून सोबत न्यावे. पहिले दोन दिवस तेच लावून काढावेत आणि तापमानाच्या नोंदी हाती आल्यावरच आवरण क्रमाक्रमाने आवळत न्यावे. एक्झॉस्टजवळच्या वायरी, होज, सेन्सरांचे कनेक्टर आणि आवरणाची आतली बाजू यांवर तापमानाप्रमाणे रंग बदलणाऱ्या पट्ट्या चिकटवाव्यात. गाडी परतली, की टॉर्चच्या उजेडात पट्टीचा काळा पडलेला चौकोन पाहून कळते, की त्या कोपऱ्यात कोणत्या अंशापर्यंत पारा चढला होता. सेन्सर जिथे बसवलेला आहे तिथलेच तापमान सांगतो, पट्टी मात्र ज्या कोपऱ्याचा कोणी विचारही केला नव्हता तिथेही लावता येते.

विद्युत भाग आणि सॉफ्टवेअर यांची तयारी वेगळ्या पानावर लिहावी, कारण इथले बिघाड एकटे येत नाहीत. हेरेझमध्ये रेनॉचा पहिला दोष बॅटरीत नव्हताच. बॅटरीच्या पेटीत बसवलेल्या एका इलेक्ट्रॉनिक उपभागात तो होता. त्यावर तोडगा म्हणून यंत्रणा मर्यादित शक्तीवर चालवू पाहिली, तर टर्बोच्या आणि हवेच्या दाबाच्या नियंत्रणाचे प्रश्न पुढे आले, आणि त्यांच्या मागोमाग यांत्रिक बिघाडही. यातून घ्यायची खबरदारी अशी, की बिघाड झाल्यास गाडी चालती ठेवण्याच्या पर्यायी अवस्था घरीच लिहून, डायनोवर चालवून आणाव्यात: विद्युत साहाय्य पूर्ण बंद असताना, अर्ध्या शक्तीवर असताना आणि टर्बोचा दाब कमी केलेला असताना इंजिन कसे वागते, हे ट्रॅकवर पहिल्यांदा कळू नये. सॉफ्टवेअरची प्रत्येक आवृत्ती क्रमांकासह ठेवावी, रात्रीतून केलेला बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय गाडीत भरू नये आणि परत फिरण्यासाठी आदल्या दिवसाची चालती आवृत्ती हाताशी असावी.

सुरक्षेबाबत चर्चेला वाव नाही. 2008 च्या जुलैमध्ये हेरेझलाच विद्युत साहाय्याच्या चाचणीत बीएमडब्ल्यू संघाच्या मेकॅनिकला गाडीला हात लावताच विजेचा झटका बसला होता. रबरी हातमोजे, गाडीवरचा सुरक्षिततेचा दिवा आणि तो हिरवा झाल्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही हा नियम, ट्रॅकवर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या मार्शल मंडळींनाही आदल्या दिवशी समजावून सांगावा.

सुट्या भागांत मोठ्या वस्तू कोणी विसरत नाही. विसरल्या जातात त्या लहान आणि स्वस्त वस्तू. 2015 मध्ये होंडाच्या पुनरागमनाच्या वेळी हेरेझमध्ये मॅक्लारेनच्या चार दिवसांत 79 फेऱ्या झाल्या, आणि पुढे बार्सिलोनाच्या चाचणीत मोटर-जनरेटरच्या सीलने त्यांचा वेळ खाल्ला. 2014 च्या मेलबर्नमधील पहिल्या शर्यतीत सर्वांत पुढून सुटलेला मर्सिडीजचा चालक लुईस हॅमिल्टन सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच बाहेर पडला, कारण स्पार्क प्लगवरच्या इन्सुलेशनचे रबर निकामी होऊन एक सिलिंडर बंद पडला होता. हिवाळाभर सर्वाधिक विश्वासार्ह ठरलेल्या इंजिनाची ही गत. म्हणून सील, ओ-रिंग, रबरी टोप्या, क्लॅम्प आणि कनेक्टर यांची यादी इंजिनाच्या यादीपेक्षा लांब झाली तरी संकोच करू नये, आणि शक्य असेल तर त्याच सीलची दुसऱ्या पदार्थाची जोडीही सोबत न्यावी.

पहिल्या सकाळचा क्रम लिहूनच ठेवावा. इंजिन थंड असताना सुरू करू नये. बाहेरून गरम केलेले पाणी आणि तेल फिरवून भाग अपेक्षित मापाला आल्यावरच ते सुरू करावे. पहिली फेरी संपताच गाडी आत घ्यावी, आवरण उतरवावे आणि गळती शोधावी, मग तीन फेऱ्या, मग पुन्हा तपासणी, असे अंतर हळूहळू वाढवावे. प्रत्येक टप्प्यानंतर तेलाचा नमुना घेऊन त्यातील धातूंचे प्रमाण तपासावे. लोखंड किंवा तांबे वाढू लागले, तर आतला एखादा भाग झिजतो आहे हे तो मोडण्यापूर्वी कळते. इंजिन थांबवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा, आणि ती व्यक्ती चालक किंवा संघप्रमुख नसावी.

चाचणीच्या तारखांशेजारी नियमांच्या तारखाही मांडाव्यात. 2014 मध्ये इंजिनाची रचना फेब्रुवारीच्या अखेरीस गोठवली गेली आणि त्यापुढे विश्वासार्हता, सुरक्षा किंवा खर्च एवढ्याच कारणांनी, तेही परवानगी घेऊन, बदल करता येत होते. म्हणजे जानेवारीत सापडलेला दोष दुरुस्त करून पुन्हा ट्रॅकवर पाहायला जेमतेम चार आठवडे मिळत. शेवटी इंधनप्रवाहाच्या, म्हणजे इंजिनात किती वेगाने इंधन जाते ते मोजणाऱ्या, सेन्सरसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवावा. त्या वर्षी ताशी 100 किलोग्रॅमची मर्यादा होती. हिवाळाभर रखडलेल्या रेड बुलच्या डॅनियल रिकार्डोने मेलबर्नमध्ये दुसरे स्थान मिळवले, पण सेन्सरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता स्वतःच्या गणितावर चालल्याने ते स्थान गेले आणि पुढे अपीलही फेटाळले गेले. म्हणून अधिकृत सेन्सरचा आणि आपल्या गणिताचा आकडा यांतला फरक शेवटच्या चाचणीपूर्वी मोजून कागदावर आणावा, आणि तो फरक असताना कोणता आकडा पाळायचा, हे नियामक अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे.