प्लास्टिकच्या पिशव्यांपासून क्रोशाची पिशवी

जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या कापून, त्या पट्ट्यांच्या दोऱ्याने विणलेली ही पिशवी बिघडते ती कापताना. ज्यांचा हात लोकरीवर वर्षानुवर्षं बसलेला आहे, अशा बायकाही अर्धं विणलेलं काम माझ्यापुढे ठेवून विचारतात, "टाके मोजले, बरोबर आहेत, मग मध्येच पोट का सुटलंय?" टाके बरोबरच असतात. पट्ट्या मात्र कुठे दोन बोटं रुंद, कुठे चार. लोकरीचा दोरा कारखान्यातून एकसारखा येतो, इथे तो आपणच तयार करायचा असतो, त्यामुळे क्रोशाची सुई हातात घ्यायच्या आधी कात्रीचं काम नीट व्हायला हवं.

आधी पिशव्या निवडा. घरातल्या सगळ्या एकत्र ओतल्या की हातालाच दोन जाती कळतात. एक पातळ, कुरकुर वाजणारी. तिच्यावर त्रिकोणात बहुधा २ आकडा असतो. दुसरी मऊ, गुळगुळीत, ओढली तर ताणली जाणारी. तिच्यावर बहुधा ४. कुरकुरणारी कमी ताणते म्हणून पिशवीचं अंग आणि बंद, म्हणजे धरायचे पट्टे, तिचेच करा. मऊ प्लास्टिक दिसायला छान असलं, तरी वजनाने लोंबतं. एका फेरीत दोन्ही जाती मिसळू नका. कंपोस्टमध्ये विरघळणाऱ्या पिशव्या सरळ बाजूला काढा; त्या विरण्यासाठीच बनवलेल्या असतात, तुमचे कष्टही त्यांच्यासोबत विरतील. बोटाने चोळल्यावर ज्यांचा चुरा पडतो अशा जुन्या पिशव्याही नकोत. आणि या कामासाठी कोणी नव्या पिशव्या मागून आणत असेल, तर तिने लोकर विणावी.

मध्यम आकाराच्या एका पिशवीला पातळ पिशव्या साधारण चाळीस ते पन्नास लागतात. तेलकट असतील त्या साबणाच्या पाण्याने धुऊन, उलट्या करून पूर्ण वाळवा. आत ओल राहिली तर दोऱ्याच्या गुंड्याला कुबट वास येतो आणि तो नंतर जात नाही.

आता कापणं. हातात धरायचे बंद असलेल्या या पातळ पिशवीची रचना स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीसाठी स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी केली आणि १९६५ मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळालं. प्लास्टिकची अखंड नळी घ्यायची, बाजूंना आत घड्या घालायच्या, वरखाली उष्णतेने चिकटवायचं आणि वरचा भाग कापून बंद काढायचे, अशी ती रचना. आपल्याला उपयोगाची गोष्ट म्हणजे नळीला बाजूची शिवण नसते. म्हणूनच आडवी कापली की प्रत्येक तुकडा आपोआप अखंड गोल कडं होतो.

पिशवी सपाट पसरा. बाजूच्या घड्या त्यांच्या मूळ जागी आत बसवा. तळाकडून तोंडाकडे तळहात फिरवून हवा काढा. मग उभी घडी घाला, पुन्हा एकदा घाला, म्हणजे चार-सहा बोटं रुंदीची लांब पट्टी होईल. खालची चिकटवलेली कड आणि वरचे बंद कापून टाका. उरलेल्या भागाचे चार-चार सेंटिमीटरचे आडवे तुकडे करा. प्लास्टिक जाड असेल तर अडीच-तीन सेंटिमीटर पुरेत. पुठ्ठ्याची चार सेंटिमीटरची पट्टी कापून मापाला ठेवा, नजरेवर विसंबू नका. कात्री लांब पात्याची हवी आणि तुकडा एका दमात सुटायला हवा. तोडत तोडत कापलं की कडेला दात राहतात आणि फाटण्याची सुरुवात तिथूनच होते.

कडी जोडायला गाठ मारायची नसते. एका कड्यावर दुसरं थोडं चढवून ठेवा. खालच्या कड्याचं चढलेलं टोक वरच्या कड्याच्या आतून वर काढा, ते त्याच खालच्या कड्याच्या दुसऱ्या टोकावरून पलीकडे न्या, मग खालच्या कड्याच्याच पोटातून ओवून दोन्हीकडून सावकाश ओढा. सावकाश हा शब्द महत्त्वाचा. झटका दिला तर प्लास्टिक जोडापाशी पातळ होऊन पांढरं पडतं. जोड छोटा बसतो आणि दोरा आपोआप दुहेरी होतो. सगळी कडी एकदम जोडून ठेवू नका, पुरतील तेवढी जोडा. रंगीत पिशव्या मोजून वेगळ्या ठेवा. वरच्या पट्ट्याला पाच हिरव्या हव्या असतील आणि तीनच निघाल्या, तर ते तिथे पोचल्यावर कळून उपयोग नाही.

सुई ६ ते ८ मिलिमीटरची घ्या, अॅल्युमिनियमची. लाकडी आणि प्लास्टिकच्या सुईला हा दोरा चिकटून बसतो. हात सैल सोडा. लोकर ताणून विणायची सवय असलेल्यांना हे जड जातं, मनगट भरून येतं, म्हणून थोडं थोडं विणा. आवाज मात्र होतोच. माझी ताई मला हे काम तिच्या खोलीत करू देत नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

टाका एकच, मुका खांब. सुई टाक्यात घाला, दोरा ओढून घ्या, सुईवर दोन फास झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. लांब खांबांनी काम लवकर उरकतं, पण जाळी मोठी पडते आणि पेनापासून किल्लीपर्यंत सगळं खाली गळतं.

तळ लंबगोल करा. २१ साखळ्या घाला; दोरा सुईवर घेऊन फासातून ओढला की एक साखळी. सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीपासून सुरू करून १९ मुके खांब घाला, शेवटच्या साखळीत तीन. आता साखळीच्या दुसऱ्या बाजूने परत या: १८ खांब, आणि जिथून सुरुवात केली त्या साखळीत आणखी दोन. एकूण ४२. पुढच्या फेरीत दोन्ही टोकांच्या तीन-तीन टाक्यांत प्रत्येकी दोन घाला, ४८ होतील. त्यानंतरच्या फेरीत टोकांना एक सोडून एक असे पुन्हा तीन-तीन वाढवा, ५४. तळ टेबलावर सपाट बसला पाहिजे. वाटीसारखा वर वळत असेल तर हात घट्ट पडतोय, सुई एक माप मोठी घ्या. कडा लाटा मारत असतील तर टाके जास्त वाढलेत.

यापुढे वाढवायचं नाही. ५४ टाक्यांवर गोल गोल विणत राहा. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा, नाहीतर फेरी कुठे संपली ते शोधत बसाल. उंची पंचवीस-तीस सेंटिमीटर झाली की अंग पुरे.

बंद वेगळे विणून शिवू नका. शिवलेला बंद पहिल्या जड ओझ्याला शिवणीपाशी निघतो. पिशवी चपटी करून बाजूच्या कडेपर्यंत विणत या. तिथून ९ मुके खांब, ३० साखळ्या, खालचे ९ टाके सोडा; मग १८ खांब, पुन्हा ३० साखळ्या, ९ टाके सोडा, उरलेले ९ खांब. खांद्याला लावायची असेल तर साखळ्या ५५-६० करा. त्याहून लांब नको, वजनाने बंद आपोआप वाढतो. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत प्रत्येक साखळीवर मुका खांब घाला. शेवटची फेरी मात्र वेगळी: सुई टाक्यात घालून दोरा ओढा आणि थेट सुईवरच्या फासातून काढा. बंदाच्या आतल्या कडेलाही हीच ओळ फिरवा. ही ओळ कमी ताणली जाते, त्यामुळे बंद लोंबायचा थांबतो. शेवटचं टोक तीन-चार टाक्यांतून मागे-पुढे ओवून दडवा. मेणबत्तीने वितळवून चिकटवायची टूम कोणी सांगेल. प्लास्टिकचा धूर छातीत घेण्यासारखी ती गोष्ट नाही.

धुवायची तर गार पाण्यात, साधा साबण, सावलीत उलटी टांगून. उन्हात ठेवून दिलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. इस्त्री लावू नका, पॉलिथिन साधारण १०५ ते १३५ अंश सेल्सिअसमध्ये वितळतं. गरम भांडंही आत ठेवू नका. छापील पिशव्यांचा रंग पहिल्या काही दिवसांत फिक्या कपड्यांना लागू शकतो, एकदा धुऊन मगच बाहेर काढा. बारीक वस्तू न्यायच्या असतील तर आतून जुन्या ओढणीचं अस्तर घाला.

एखादा टाका फाटला तर अख्खी पिशवी उसवायची गरज नाही. वेगळ्या पिशवीचं एक कडं कापून सरळ पट्टी करा, फाटलेल्या जागेच्या दोन टाके आधीपासून दोन टाके पुढेपर्यंत सुईने ओवून घ्या आणि दोन्ही टोकं आतल्या बाजूला बांधा. कापताना उरलेले बंद आणि तळाच्या कडा फेकू नका, उशीत भरायलाही नकोत, तिथे रात्रभर वाजतात. एका पिशवीत दाबून ठेवा आणि प्लास्टिक गोळा करणाऱ्याला द्या.