छापील कार्ड हव्या त्या आकारात कसे कापून घ्यावे: डाय आणि पंचिंगची पद्धत

सरळ कडांचे कार्ड कोणत्याही छापखान्यातील कटिंग मशीनवर कापले जाते. मात्र गणेशोत्सवाच्या निमंत्रणाचा माथा कमानीसारखा हवा असेल, किंवा हापूसच्या पेटीवरचे लेबल आंब्याच्याच आकाराचे हवे असेल, तर त्या आकाराचा पोलादी पात्यांचा साचा, म्हणजे डाय बनवून, तो यंत्रावर कागदावर दाबून कापणी, म्हणजे पंचिंग करून घ्यावे लागते. लोअर परळच्या औद्योगिक वसाहतींमध्ये छपाई एका गाळ्यात, डाय दुसऱ्या गाळ्यात आणि पंचिंग तिसऱ्याच ठिकाणी होणे नेहमीचे आहे. त्यामुळे प्रत्येकाला नेमक्या सूचना देण्याची जबाबदारी बहुधा काम करवून घेणाऱ्यावरच येते.

आधी संख्या ठरवावी. पन्नास-शंभर नगांसाठी डाय बनवणे सहसा परवडत नाही. तेवढे काम डिजिटल प्लॉटरवर, म्हणजे संगणकावरील फाइलनुसार कागद कापणाऱ्या यंत्रावर होते. हजारांत संख्या असेल, किंवा मंडळ दरवर्षी तोच आकार वापरणार असेल, तर डायचा खर्च वसूल होतो.

त्यानंतरचे काम फाइलचे आहे आणि या कामातील बहुतेक चुका यंत्रावर नव्हे, फाइलमध्येच होतात, असे माझे मत आहे. आकाराची बाह्यरेषा चित्राच्या थरात न मिसळता वेगळ्या थरात, वेगळ्या स्पॉट रंगात (छपाईच्या चार रंगांपेक्षा स्वतंत्र नाव दिलेल्या रंगात) आणि ओव्हरप्रिंट लावून (म्हणजे रेषेखालचे चित्र कोरले न जाता) ठेवावी. कापायची रेषा सलग आणि घडीची रेषा तुटक काढावी. रंग किंवा चित्र बाह्यरेषेच्या बाहेर ३ मिमी वाढवावे आणि मजकूर रेषेच्या आत किमान तेवढाच ठेवावा, कारण हजारो शीटांमध्ये कापणी केसभर इकडेतिकडे सरकतेच. कडेला समांतर बारीक चौकट छापण्याचा मोह टाळावा. एरवी लक्षातही न येणारी अर्ध्या मिलिमीटरची सरक त्या चौकटीमुळे लगेच दिसते. अतिशय अरुंद खाचा आणि सुईसारखी टोकेही नकोत, कारण पाते वळवण्याला मर्यादा असते आणि कागदाचे असे टोक पुढे हाताळताना दुमडते.

डाय बनवणाऱ्याकडे जाताना फाइलबरोबर ज्या कागदावर छपाई होणार आहे त्याचा तुकडाही द्यावा. साधारण १८ मिमी जाडीच्या प्लायवूडमध्ये लेझरने खाचा पाडून त्यांत सुमारे ०.७ मिमी जाड आणि २३.८ मिमी उंच पाती ठोकून बसवतात. घडीसाठीची क्रीजिंग पट्टी बोथट आणि पात्यापेक्षा किंचित बुटकी असते. ती कागद कापत नाही, फक्त दाबते. पात्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले रबर दाब सुटताच कागद बाहेर ढकलते. पाती छापील बाजूने कागदात शिरत असतील, तर पात्यांच्या बाजूने पाहताना डाय उलटा, म्हणजे आरशातल्यासारखा दिसतो. म्हणून डावी-उजवी बाजू सारखी नसलेल्या आकारासाठी फाइल छपाईच्या बाजूची आहे, हे स्पष्ट लिहून द्यावे.

छपाई करताना शीटच्या कोणत्या दोन कडा यंत्राला टेकल्या होत्या, त्यांवर खूण करून घ्यावी, कारण पंचिंगलाही त्याच कडा टेकवल्या तरच छपाई आणि कापणी जुळते. पंचिंगआधी शीट कापून लहान करायचे झाल्यास या दोन कडांना हात लावू नये. पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. मुंबईच्या दमट हवेत कागद ओलावा शोषून फुगतो, तोही तंतूंच्या आडव्या दिशेला अधिक, आणि मग सकाळी जुळलेला डाय संध्याकाळी जुळत नाही. शाई वाळल्यावर गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत आणि पंचिंग शक्य तितक्या लवकर उरकावे.

यंत्रावर पहिला नग मनासारखा क्वचितच निघतो. जिथे पाते नीट कापत नाही, तिथे कारागीर डायच्या मागे पातळ कागदी पट्टी चिकटवून तेवढ्याच जागी दाब वाढवतो. या जुळवणीला वेळ द्यावा. सगळीकडे सरसकट दाब वाढवला, तर पाती लवकर बोथट होतात. घडीच्या जागी कागदाखाली, क्रीजिंग पट्टीच्या समोर बसवायच्या खाचेची रुंदी कागदाच्या जाडीच्या दीडपटीत क्रीजिंग पट्टीची जाडी मिळवून काढतात; पट्टी ०.७ मिमी जाड असेल, तर ०.४ मिमी जाडीच्या कार्डासाठी ती सुमारे १.३ मिमी येते. घडी शक्यतो कागदाच्या तंतूंना समांतर असावी, अन्यथा जाड कार्डावरील शाई घडीवर तडकते. नमुना मंजूर करताना कार्ड प्रत्यक्ष दुमडून पाहावे आणि त्याची मागची बाजूही तपासावी. यंत्र चालू असताना शीट सरळ करण्यासाठी कोणीही हात आत घालू नये.

नग शीटला धरून राहावेत म्हणून पात्यांत बारीक खाचा पाडलेल्या असतात. त्यामुळे कागदाचे सूक्ष्म जोड उरतात. गठ्ठा सरळ करून कडेचा कचरा झाडताना तेच तुटतात. हे जोड कमानीच्या माथ्यावर न ठेवता तळाच्या सरळ कडेवर ठेवण्यास आधीच सांगावे.

काम झाल्यावर डाय मागून घ्यावा आणि तो आपल्या मालकीचा असल्याचे बिलावर नोंदवून घ्यावे. पात्यांना तेलाचा हलका हात फिरवून, वर पुठ्ठा बांधून तो कोरड्या जागी उभा ठेवावा. प्लायवूडवर कामाचे नाव, माप आणि तारीख लिहून ठेवावी.