टेक्सासच्या ग्रामीण काउंटीत फौजदारी खटल्याचा निकाल असा मिळाला

आईबाबांच्या सोबतीला ठेवायच्या बाईंच्या नावापुढे एका खासगी साइटवर नुसतं 'अटक' दिसलं. पुढे काय झालं, याचा पत्ता नाही. अशी अर्धवट माहिती विकणं मला अन्यायाचं वाटतं.

टेक्सासमध्ये २५४ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) आहेत आणि लहान काउंट्यांच्या नोंदी ऑनलाइन सापडतीलच असं नाही. क्लार्क म्हणजे कोर्टाच्या नोंदी सांभाळणारा अधिकारी: गंभीर गुन्ह्यांच्या (फेलनी) नोंदी डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, त्याखालच्यांच्या (मिस्डिमीनर) सहसा काउंटी क्लार्ककडे. नुसत्या दंडाचे किरकोळ गुन्हे मात्र जस्टिस ऑफ द पीस (स्थानिक कनिष्ठ न्यायाधीश) किंवा म्युनिसिपल (शहराच्या) कोर्टात असतात. अगदी छोट्या काउंटीत दोन्ही क्लार्कचं काम एकच व्यक्ती पाहते. बाईंना अटक झालेल्या काउंटीतही तसंच होतं, म्हणून एकाच ऑफिसला फोन पुरला. 'पेसर' या कोर्टाच्या नोंदींच्या साइटवर वेळ घालवू नका, तिथे फक्त फेडरल (केंद्रीय कोर्टांतले) खटले असतात.

पूर्ण नाव, जन्मतारीख आणि अंदाजे वर्ष सांगितल्यावर क्लार्कबाईंनी केस नंबर काढून दिला. जन्मतारीख हवीच, कारण एकाच नावाची माणसं बरीच असतात. मी अख्खी फाइल न मागता फक्त अंतिम आदेशाची प्रत मागितली, पानाला एक डॉलर. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: खटला डिसमिस.

आम्ही बाईंना त्याच संध्याकाळी होकार कळवला.