इचिरोसारखा राइट फील्डमधून थ्रो कसा करावा

११ एप्रिल २००१, ओकलंड. ओकलंडच्या रामोन हर्नांडेझने राइट फील्डकडे, म्हणजे फलंदाजाच्या उजव्या बाजूच्या लांबच्या मैदानात, चेंडू मारला आणि पहिल्या बेसवरचा टेरेन्स लाँग थेट तिसऱ्या बेसकडे निघाला. बेस म्हणजे चौकोनाच्या कोपऱ्यांवरचे थांबे; बेस ते बेस ९० फूट, म्हणजे त्याला साधारण ५५ मीटर पळायचं होतं. राइट फील्ड तिसऱ्या बेसपासून सर्वांत लांबचा कोपरा, त्यामुळे असा धोका रनर (बेसवरून पळणारे खेळाडू) सर्रास घेतात. सिएटल मरिनर्सच्या इचिरो सुझुकीने पुढे धावत येऊन चेंडू उचलला आणि फेकला. एकही टप्पा न खाता चेंडू डेव्हिड बेलच्या ग्लव्हमध्ये बेसजवळ खाली उतरला आणि लाँग आउट झाला. अमेरिकेत याला आजही नुसतं ‘द थ्रो’ म्हणतात.

हात दमदार होताच. पण त्या थ्रोचा बराचसा वेग चेंडू हातात येण्याआधीच पायांत तयार झाला होता. क्रिकेटमधून बेसबॉलकडे येणारी मुलं नेमकी इथेच चुकतात: चेंडू अडवतात, थांबतात, मग खांद्याच्या जोरावर फेकतात. थांबलात की वेग शून्य.

सुरुवात चेंडू टाकला जाण्याआधी. पिचर (चेंडू टाकणारा) चेंडू सोडत असताना दोन छोटी पावलं पुढे टाका. बॅट आणि चेंडूची भेट होताना दोन्ही पाय जमिनीला हलकेच टेकलेले, गुडघे सैल, वजन चवड्यांवर हवं. टाचांवर उभा असलेला खेळाडू पहिलं पाऊल उशिरा टाकतो, आणि ते नंतर कितीही पळून भरून निघत नाही. चेंडू थेट तुमच्याकडे, डोळ्यांच्या रेषेत येत असेल तर तो पडेल की डोक्यावरून जाईल हे क्षणभर कळत नाही. तेव्हा पहिलं पाऊल मागेच. पुढे पडलेल्या चेंडूवर एक बेस जातो, डोक्यावरून गेलेल्यावर तीन.

मागे जाताना उलटं चालू नका. उजव्या खांद्यावरून जाणारा चेंडू असेल तर उजवा पाय मागे उघडा, कंबर वळवा आणि पाठ फिरवून पळा. उलटं चालणारा अडखळून पडतो, शिवाय त्याचा वेगही निम्मा. धावताना ग्लव्ह पुढे ताणून ठेवू नका. ते शेवटच्या दोन पावलांत बाहेर काढायचं.

उंच झेल असेल आणि रनर पुढच्या बेसकडे पळायच्या तयारीत असेल, तर चेंडू पडेल त्या जागेच्या दोन-तीन पावलं मागे उभे राहा आणि येताना पुढे सरका. झेल कपाळाच्या वर, फेकणाऱ्या हाताच्या बाजूला घ्या. मोकळा हात ग्लव्हला लागूनच असावा. खाली उभं राहून, हात आडवा करून घेतलेला झेल दिसतो छान, पण मग शरीर पुन्हा पळवायला वेळ जातो.

जमिनीवरून येणाऱ्या चेंडूचे दोन प्रकार ध्यानात ठेवा. बेसवर कोणी नसेल तर एक गुडघा टेकवून शरीराने वाट अडवा. रनर पळत असेल तर चेंडू डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, पळता पळता उचला (हे सगळं उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी, डावखुऱ्याने उलट करावं). इथे चेंडू सुटला तर मागे कोणीच नसतं, म्हणून शेवटच्या तीन पावलांत वेग किंचित कमी करा आणि चेंडू ग्लव्हमध्ये जाताना डोळ्यांनी पाहा. बेसकडे नजर नंतर.

मग क्रो हॉप, म्हणजे कावळ्याची उडी. उजवा पाय पुढे उडवून आडवा टेकवा, असा की त्याचा आतला भाग लक्ष्याकडे असेल. डावा खांदा लक्ष्याकडे रोखा, डावा पाय टाका आणि फेका. उडी पुढे जाते, वर नाही. वर उडालात तर तेवढा वेळ हवेत गेला. दोन-तीन उड्या मारणाराही रनरला बेस भेट देतो.

पकड शिवणीला आडवी. बेसबॉलची शिवण घोड्याच्या नालेसारखी वळते. तर्जनी आणि मधलं बोट त्या नालेच्या आडवी, अंगठा खाली, चेंडू आणि तळव्यात थोडी फट. ही पकड न बघता, ग्लव्हमध्येच सापडायला हवी. घरी बसल्या बसल्या चेंडू ग्लव्हमध्ये टाकून रोज ५० वेळा पकड शोधा. हात कानाजवळून, वरून खाली यावा. सीमारेषेवरून बाजूने फेकायची सवय असलेल्यांचा चेंडू हवेत वळतो आणि बेसपासून हातभर बाजूला जातो. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूहून हलका, म्हणून नवा खेळाडू सहसा जास्त उंच फेकतो.

क्रिकेटमध्ये यष्टीरक्षकाच्या छातीशी, स्टंपवर आलेला थ्रो उत्तम. इथे यष्ट्या नाहीत, घसरत येणाऱ्या रनरला चेंडूने टॅग करावं लागतं. छातीशी आलेला चेंडू खाली नेण्यात रनर आत घुसतो. म्हणून थ्रो गुडघ्याच्या उंचीवर, बेसच्या रनरकडच्या बाजूला. पोहोचत नसेल तर बेसच्या तीनेक मीटर आधी एक लांब टप्पा द्या. पायाशी पडलेला आखूड टप्पा पकडता येत नाही. मधे उभ्या कटऑफच्या (थ्रो वाटेत अडवणाऱ्या साथीदाराच्या) डोक्याच्या उंचीवरून चेंडू जावा, म्हणजे गरज पडल्यास तो अडवू शकेल. त्याच्या वरून उंच कमानीत गेलेल्या थ्रोवर मागचा रनरही एक बेस पुढे जातो.

सराव १५ मीटरपासून. पाच-सहा थ्रो झाले की १० मीटर मागे, असं करत ६० मीटरपर्यंत. पूर्ण ताकदीचे आठ-दहा थ्रो पुरे, आठवड्यात दोनदा. खांदा दुखला की त्या दिवशी बंद.

इचिरोचा देह मोठा नव्हता, उंची १८० सेंटिमीटर. १९७३ मध्ये जन्मलेला, आइची प्रांतातल्या तोयोयामात वाढलेला हा खेळाडू जपानमध्ये ओरिक्स संघाकडून सलग सात वर्षं पॅसिफिक लीगचा सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला. २००१ मध्ये अमेरिकेत पहिल्याच मोसमात २४२ हिट्स (बेस मिळवून देणारे फटके), सर्वोत्तम नवोदित आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू दोन्ही. २००४ मध्ये २६२ हिट्स मारून जॉर्ज सिस्लरचा एका मोसमातला १९२०चा २५७चा विक्रम मोडला. क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार सलग दहा वर्षं मिळाला. ‘द थ्रो’नंतर त्याच्याकडे चेंडू गेला की तिसऱ्या बेसचे कोच रनरला थांबवू लागले. न झालेल्या धावांचा आकडा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, ही या जागेची खरी अडचण.

फलंदाजीतही तेच पायांचं तंत्र. डाव्या हाताने खेळल्याने तो पहिल्या बेसच्या पावलभर जवळ असे, आणि फटका पूर्ण होण्याआधीच शरीर बेसकडे झुकलेलं. त्याची नक्कल नवख्याने करू नये. डोकं हललं की चेंडू दिसत नाही.

ग्लव्ह आउटफिल्डसाठी (मैदानाच्या लांबच्या भागासाठी) १२.५ ते १२.७५ इंचांचं घ्या, खिसा खोल हवा. नवं ग्लव्ह पाण्यात भिजवू नका, उन्हात वाळवू नका. थोडं तेल लावा आणि झेल घेऊनच मऊ करा. इचिरो सामन्यानंतर आपलं ग्लव्ह स्वतः पुसायचा. पुसून झालं की खिशात चेंडू ठेवून पट्ट्याने बांधा. सपाट दाबलेल्या ग्लव्हमधून चेंडू उसळतो.