बंद बेडरूममध्ये झोपताना या चुका टाळा

पुण्यात डिसेंबरचा गारठा पडला की स्लायडिंग खिडक्या घट्ट लागतात आणि एप्रिलमध्ये एसीसाठी पुन्हा लागतात. रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये हॉर्न आणि डासांमुळे त्या वर्षभर बंदच. मग सात-आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड का, असा प्रश्न पडतो.

एसी चालू आहे म्हणजे हवा खेळती आहे, हा सर्रास आढळणारा गैरसमज. घरगुती स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. साधा हिशेब करा. झोपलेला माणूस तासाला दहा-बारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा बाय अकराची खोली अगदी हवाबंद धरली, तर दोघांच्या श्वासाने त्याचं प्रमाण ताशी सातशे-आठशे पीपीएमने (म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत तितके भाग) वाढेल. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असतं. फटींमुळे वाढ थोडी मंदावते, इतकंच. डेन्मार्कमध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खिडकी बंद असताना सरासरी २५८५ आणि उघडी असताना ६६० पीपीएम भरलं. मोकळ्या हवेत झोप चांगली लागली आणि दुसऱ्या दिवशी पेंगही कमी आली.

त्याहून घातक चूक म्हणजे ‘घुसमटलं तर जाग येईलच’ हा भरवसा. शरीरात तशी सोय आहे खरी. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या देठातल्या पेशी श्वास वाढवतात आणि झोप मोडतात. तोंडावरून पांघरूण घेणारा मध्यरात्री ते भिरकावतो, त्यामागे उकाड्याइतकाच हाही भाग असू शकतो. पण दारू, झोपेच्या गोळ्या आणि अफूजन्य वेदनाशामकं ही सोय बोथट करतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर तिच्यावर विसंबूच नये. त्याला पाठीवरच झोपवा, आणि मऊ उशी, दुपटी तोंडापासून लांब ठेवा.

आणि कार्बन मोनॉक्साइडपुढे ही सोय चालतच नाही. हा वायू वेगळा. त्याला वास नाही, त्याने गुदमरल्यासारखंही होत नाही. तो रक्तातल्या, प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. म्हणून थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका, अगदी ‘निखारेच तर उरलेत’ म्हणूनसुद्धा. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये नको.

कोपऱ्यात ठेवलेल्या स्नेक प्लांटने खोलीतल्या हवेत जाणवण्याइतका फरक पडत नाही. एअर प्युरिफायर धूळ पकडतो, कार्बन डायऑक्साइड नाही.

कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर घेणार असाल तर एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट तो वायू मोजणारा घ्या. स्वस्तातली बरीच यंत्रं इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतात. आधी गॅलरीत नेऊन आकडा सव्वाचारशे-साडेचारशेच्या जवळ येतो का बघा. उशीजवळ ठेवू नका, कारण उच्छ्वासात जवळपास चार टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो.

घोरता घोरता श्वास अडकून दचकून जाग येत असेल, तर तो दोष खोलीचा नाही. तिथे खिडकी उघडून भागणार नाही, स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या विकाराची) तपासणी करून घ्या. बाकीच्यांनी जाळीचं तावदान पुढे सरकवून खिडकी दोन-तीन बोटं उघडी ठेवावी, आणि आवाजामुळे तेही जमत नसेल तर बेडरूमचं दार उघडं ठेवून हॉलची खिडकी किलकिली करावी.