डीएससीने सही होत नाही? या चुका टाळा

कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असली की जीएसटी रिटर्न डीएससीशिवाय, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटशिवाय जातच नाही, म्हणून रिटर्नची 20 तारीख जवळ आली की बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत सगळीकडे टोकनची, म्हणजे ते सर्टिफिकेट ज्यात असतं त्या यूएसबीची शोधाशोध सुरू होते. 'फेल्ड टू एस्टॅब्लिश कनेक्शन टू द सर्व्हर' असा एरर आला की लोक म्हणतात साइट डाऊन आहे, उद्या बघू. तसं नसतंय ओ, हा सर्व्हर म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरवरचा एमसाइनर, डिजिटल सही करणारं सॉफ्टवेअर, तो बंद असतो नाहीतर ब्राउझर त्याला अडवतो. एमसाइनर रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून चालू करा, घड्याळाजवळ आयकॉन आला का बघा, मग ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून 127.0.0.1:1585 उघडा, वॉर्निंग येईल, ॲडव्हान्स्डमधून प्रोसीड करा आणि पोर्टलवर परत लॉगिन व्हा. ही वॉर्निंग आपल्याच मशीनची आहे म्हणून चालतंय, दुसऱ्या साइटवर आली तर पुढं जाऊ नका.

सर्टिफिकेटची लिस्टच रिकामी येत असेल तर टोकनचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला टोकन ओळखू देणारं सॉफ्टवेअर) बघा. ईपास कंपनीच्या टोकनला ईपासचा, प्रॉक्सकीला प्रॉक्सकीचा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. टोकनचा पासवर्ड आठवत नाही म्हणून अंदाजाने टाकत राहू नका, ठराविक वेळा चुकला की टोकन लॉक होतं. आणि यूट्यूबवर बघून इनिशियलाइज तर अजिबात दाबू नका, आतलं सर्टिफिकेट पुसलं जातं, त्याची प्रायव्हेट की (सही करणारी गुप्त किल्ली) टोकनबाहेर कॉपी होत नसल्यामुळे ते परत आणता येत नाही, पुन्हा पैसे भरून व्हिडिओ व्हेरिफिकेशनपासून नवीनच काढावं लागतं. आधी ज्यांच्याकडून घेतलंय त्यांना फोन करा.

रिन्यू केल्यावर बरेच जण अडकतात. नवीन डीएससी पोर्टलला आपोआप कळत नाही, माय प्रोफाइलमध्ये जाऊन अपडेट करायची असते, आणि तिच्यातला पॅन हा सही करणाऱ्या माणसाचा लागतो, कंपनीचा नाही.

दोन्हीकडची टेंडरं भरणाऱ्या आपल्या काँट्रॅक्टर लोकांनी हेही बघा, कर्नाटकचं टेंडर पोर्टल केपीपीपी असो की महाराष्ट्राचं महाटेंडर्स, जीएसटीचा एमसाइनर चालला म्हणजे तिथं सही होईलच असं नाही, त्या त्या पोर्टलवर जे सॉफ्टवेअर सांगितलंय तेच टाका आणि शेवटच्या तारखेआधी एकदा लॉगिन करून सही होते का ते तपासा.